संकेतस्थळाचा ओनामा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांस थोडें आश्चर्य वाटेल. ज्या गृहस्थानें अडतीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलीं, ज्याची मजल मॅट्रिकपुढें शिक्षकाच्या पदविकेपर्यंतच गेली, आणि ज्याचें वास्तव्य धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर या गांवीं आहे, त्यानें संकेतस्थळ कसें बांधावें हें शहरांतील सुशिक्षित मंडळींस सांगावें, हा उलटा न्याय झाला. परंतु ज्यास एखादी विद्या उतारवयांत, अडखळत अडखळत साधली, त्यास तिच्या वाटेवरचे खांचखळगे नीट आठवतात. तरुणांस ते आठवत नाहींत; कारण ते त्यांवरून उडी मारून गेलेले असतात. एवढ्याच अधिकारानें मी आज बोलत आहें.

प्रथम हा उद्योग मला कशासाठीं करावासा वाटला तें सांगतों. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं आमच्या भागांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती; गणपति पोंचवून लोक उशिरां निजले होते. धक्क्याचें मान सुमारें ६.२ होतें. जगांत याहून मोठे धक्के होतात आणि गांवें उभीं राहतात. पण आमचीं घरें दगडमातीचीं, भिंती हात-दोन हात रुंद, आणि त्यांवर मातीचें जड माळवद. तीं निजलेल्या माणसांवर बसलीं. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं. सर्वांत अधिक हानि सोसलेल्या गांवांपैकीं सास्तूर हें एक. माझ्याहि घरांतील दोन माणसें त्या पहाटे गेलीं.

पुढें गांव नव्यानें वसलें. रस्ते सरळ झाले, घरांत अंतर आलें. मुलें जन्मलीं, वाढलीं, पुण्यामुंबईस गेलीं. जुन्या गांवाचे बोळ, पार, विहिरी, कोणाचा वाडा कोणाच्या भिंतीस लागून होता, हें सारें आतां आम्हां कांहीं म्हाताऱ्यांच्या डोक्यांतच उरलें आहे. एके रात्रीं पुण्यास शिकणाऱ्या माझ्या नातीनें फोनवर विचारलें, “आबा, आपलं जुनं घर कुठल्या बोळात होतं? शेजारी कोण होतं?” मी सांगत गेलों, ती लिहून घेत गेली. शेवटीं म्हणाली, “आबा, हे सगळं तुमच्याबरोबर जाईल. आपण याचं एक पान करू या. कुणालाही, कुठूनही वाचता येईल असं.” त्या रात्रीं मीं शंभर पानी वही काढली आणि या विषयाचा ओनामा केला.

आतां संकेतस्थळ, अथवा सर्वांच्या तोंडीं असलेला शब्द वापरावयाचा तर वेबसाईट, म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळ लोक इंटरनेट आणि वेब हे शब्द एकाच अर्थानें वापरतात. ती चूक आहे. इंटरनेट म्हणजे संगणकांस जोडणारे रस्ते. वेब म्हणजे त्या रस्त्यांवरून होणारी एक प्रकारची वाहतूक. रस्ते आधींचे आहेत. त्यांवरून परस्परांस जोडलेलीं पानें पाठविण्याची कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाची. स्वित्झर्लंडमध्यें जिनिव्हाजवळ सर्न नांवाची अणुविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, आपआपल्या संगणकांवर टिपणें ठेवीत, आणि एकाचें टिपण दुसऱ्यास सांपडत नसे. ही अडचण दूर करण्याची योजना त्यांनीं मार्च १९८९ मध्यें लिहून काढली आणि १९९१ सालीं ती जगास खुली झाली. ता. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या, कोणाकडूनहि मूल्य न घेतां, सर्वांच्या स्वाधीन केली. त्यानंतर बरोबर पांच महिन्यांनीं आमचें गांव पडलें. या दोन गोष्टींचा संबंध कांहीं नाहीं. परंतु त्याच वर्षीं मोकळ्या झालेल्या साधनानें त्या वर्षाची आठवण मला जपतां आली, एवढें खरें.

आपल्या देशांत ही सेवा विदेश संचार निगमानें ता. १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य जनतेस उपलब्ध करून दिली.

आपण ब्राउझरमध्यें एखादा पत्ता लिहितों तेव्हां काय घडतें? ब्राउझर हें पान वाचून दाखविणारें साधन. तो त्या पत्त्यावरच्या दुसऱ्या संगणकाकडे मागणी करतो. मागणी पुरविणाऱ्या त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. सर्व्हर एक फाईल पाठवितो. ब्राउझर ती उलगडून आपल्यापुढें मांडतो. पानावर जी शोभा दिसते ती तयार चित्रासारखी येत नाहीं. येतो तो साधा मजकूर, आणि ‘येथें मथळा, येथें परिच्छेद, येथें छायाचित्र’ अशा सूचना. हें कळलें तेव्हां माझी अर्धी भीति गेली. छापखान्याकडे मजकूर पाठवितांना आपण समासांत ‘हें जाड टाइपांत’, ‘येथें नवा परिच्छेद’ असें लिहितोंच कीं! संकेतस्थळाची भाषा म्हणजे त्याच सूचना, ठराविक रीतीनें लिहिलेल्या.

या भाषेस एचटीएमएल म्हणतात. तिच्या सूचनांस टॅग हा शब्द आहे. आपण त्यांस खुणा म्हणूं. गणितांत ‘पेक्षां लहान’ व ‘पेक्षां मोठें’ हें दाखविण्यास जीं दोन चिन्हें आपण वापरतों, त्यांचाच येथें कंस होतो, आणि त्या कंसांत एक आंखूड इंग्रजी शब्द किंवा अक्षर लिहितात. परिच्छेदासाठीं ‘पी’ हें अक्षर. मथळ्यासाठीं ‘एच’ आणि त्यास लागून एक ते सहा यांपैकीं आंकडा, एक म्हणजे सर्वांत मोठा मथळा. खूण उघडावयाची, मजकूर लिहावयाचा, आणि तीच खूण पुन्हा लिहून मिटावयाची. मिटतांना अक्षराआधीं एक तिरपी रेघ द्यावयाची. खुणेंत खूण आली तर जी शेवटीं उघडली ती आधीं मिटावी. बीजगणितांतील कंसांचा हाच नियम माझ्याकडून पुष्कळ मुलांनीं घोकला आहे; त्यांनीं आतां मला हंसावें, कारण पहिल्या आठवड्यांत मी तोच चुकत होतों.

सबंध पान ‘एचटीएमएल’ या खुणेच्या पोटांत असतें आणि त्याचे दोन भाग असतात. पहिला ‘हेड’: यांतील मजकूर वाचकास पानावर दिसत नाहीं, तो ब्राउझरसाठीं असतो. पानाचें नांव, पानाची लिपि कोणत्या संकेतानें लिहिली आहे, अशा गोष्टी तेथें सांगावयाच्या. दुसरा ‘बॉडी’: वाचकानें वाचावयाचें तें सारें येथें. हें लिहिण्यास विकत घेण्यासारखें कांहींच लागत नाहीं. संगणकांत नोटपॅडसारखें जें साधें लिहिण्याचें साधन असतें तेवढें पुरे. फाईलीस नांव द्यावयाचें ‘इंडेक्स’, आणि टिंब देऊन पुढें ‘एचटीएमएल’. सर्व्हर बहुधा याच नांवाची फाईल मुखपृष्ठ म्हणून प्रथम शोधतो. ती ब्राउझरनें उघडली कीं पान दिसूं लागतें. यास इंटरनेटची जोडणीहि लागत नाहीं. माझें पहिलें पान आठ दिवस माझ्याच टेबलावर होतें.

त्या पानानें मला पहिला धडा दिला. जुन्या गांवांतील घरांची यादी मीं एकाखालीं एक, नीट ओळी पाडून लिहिली होती. ब्राउझरमध्यें पाहतों तों साऱ्या ओळी एकमेकींत शिरून एकच लांब परिच्छेद झालेला! नात म्हणाली, “आबा, तुम्ही ओळ सोडली हे त्याला कळत नाही. खूण केली तरच कळतं.” नियम असा कीं, आपण किती जागा सोडली, किती वेळां नवी ओळ घेतली, याची ब्राउझर गणना करीत नाहीं, त्या सर्वांची मिळून तो एकच मोकळी जागा समजतो. यादीसाठीं ‘यूएल’ ही वेगळी खूण आहे, आणि तिच्या पोटांत प्रत्येक कलमास ‘एलआय’. आणखी एक गोष्ट. खूण मिटण्यास आपण विसरलों तर ब्राउझर दटावीत नाहीं. अंदाजानें पुढें जातो. म्हणून चूक लगेच उघडकीस येत नाहीं. दर चारपांच ओळींनंतर पान उघडून पाहावें, हा माझा नवशिक्यांस आग्रहाचा सल्ला आहे.

दुसरा धडा अधिक महागांत पडला, आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकानें तो समजून घेण्यासारखा आहे. आमच्या गांवच्या एका स्मृतिदिनासाठीं पूर्वीं एका टंकलेखनाच्या दुकानांत बराच मजकूर टाइप करून घेतला होता. त्याची फाईल मजजवळ होती. पुन्हा श्रम कशास, म्हणून तो मजकूर मीं तसाच उचलून पानांत ठेवला. पाहतों तों इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, टक्क्याच्या खुणा, आणि मराठीचा मागमूस नाहीं! पानें पुसलीं गेलीं असें वाटून मला घाम फुटला.

कारण असें आहे. संगणकाच्या पोटांत अक्षरें नसतात, आंकडे असतात. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाचा चेहरा म्हणजे फॉन्ट. जुन्या मराठी फॉन्टांत अशी युक्ति केली होती कीं, क्रमांक इंग्रजी अक्षराचा ठेवावयाचा आणि त्यावर चेहरा तेवढा मराठी चढवावयाचा. ज्या संगणकावर तो फॉन्ट असेल तेथें मराठी दिसे. नसेल तेथें मुखवटा गळून खालचें इंग्रजी उघडें पडे. शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याची वांटणी निराळी. १९९६ सालीं परदेशांतील मराठी मंडळींनीं ‘मायबोली’ हें संकेतस्थळ सुरू केलें, तेव्हां मराठीनें वेबवर पाऊल टाकलें तें या अडचणींतूनच वाट काढीत.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. १९९१ सालीं त्याची पहिली आवृत्ति निघाली. जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक, दुसऱ्या कोणाचा उसना नाहीं, हें त्याचें तत्त्व. देवनागरीस त्यांत १२८ जागांचा एक सलग पट्टा मिळाला आहे. २३०४ पासून तो सुरू होतो. ‘स’ या अक्षराचा क्रमांक २३६०. आमच्या गांवाचें नांव घ्या. ‘सास्तूर’ हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतों. परंतु युनिकोडांत स, काना, स, हलन्त, त, दीर्घ उकार, र असे सात क्रमांक होतात. ते सांठविण्याची जी पद्धति आज वेबवर रूढ आहे तिला यूटीएफ-८ म्हणतात. तिच्यांत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकास तीन बाइट लागतात. म्हणजे ‘सास्तूर’ लिहिण्यास एकवीस. पानाच्या ‘हेड’ भागांत ‘हें पान यूटीएफ-८ मध्यें आहे’ अशी एक ओळ लिहिणें म्हणूनच अगत्याचें. ती नसली तर ब्राउझर कधीं कधीं चुकीचा अंदाज करतो आणि शुद्ध मराठीचीहि विचित्र चिन्हें करून ठेवतो. ता. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज कोणत्याहि फोनवर वाचतां येतो, तो याच व्यवस्थेच्या बळावर. माझा जुना मजकूर मात्र मला पुन्हा बसून टाइप करावा लागला. त्यास सतरा दिवस लागले.

यापुढें दोन खुणा शिकल्या कीं पानाचें संकेतस्थळ होतें. एक दुव्याची: तिच्यायोगें एका शब्दावर बोट ठेवतांच वाचक दुसऱ्या पानावर जातो. मीं मुखपृष्ठावर जुन्या गांवाचे बोळ लिहिले आणि प्रत्येक बोळाच्या नांवामागें त्या बोळाचें पान जोडलें. बर्नर्स-ली यांच्या योजनेचें सारें मर्म या एका खुणेंत आहे. दुसरी खूण चित्राची. तिच्यांत चित्राच्या फाईलीचें नांव द्यावें लागतें, आणि चित्रांत काय आहे याचें एक वाक्याचें वर्णनहि द्यावें. जे दृष्टिहीन वाचक संगणकाकडून पान वाचवून घेतात, त्यांस तें वर्णन ऐकूं येतें; चित्र आलें नाहीं तर इतरांसहि तें वाचावयास मिळतें. फोननें काढलेलें छायाचित्र जसेंच्या तसें ठेवूं नये; तें फार वजनदार असतें आणि खेड्यांतील मंद जोडणीवर उघडतां उघडत नाहीं. आकार कमी करून मगच ठेवावें.

फाईलींचीं नांवें इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्यें जागा न सोडतां द्यावीं. माझ्या संगणकावर विहिरीचें चित्र दिसत होतें. पान सर्व्हरवर गेलें आणि चित्र नाहींसें झालें. कारण एवढेंच कीं, नांवांतील पहिलें अक्षर एके ठिकाणीं मोठ्या लिपींत होतें आणि दुसऱ्या ठिकाणीं लहान. माझा संगणक तो भेद मानीत नव्हता. सर्व्हर मानीत होता.

सजावटीविषयीं थोडक्यांत सांगतों. रंग, समास, अक्षरांचा आकार यांसाठीं सीएसएस नांवाची निराळी भाषा आहे. १९९४ सालीं सर्नमध्येंच काम करणाऱ्या होकन विउम ली या नॉर्वेच्या गृहस्थांनीं ती सुचविली. मजकूर एका फाईलींत, सजावट दुसरींत. म्हणजे एक ओळ बदलली कीं साऱ्या पानांचा रंग बदलतो. मराठीसाठीं एक गोष्ट विशेष. आपल्या अक्षरांस वर वेलांटी-मात्रा आणि खालीं उकार असतात; इंग्रजीच्या मानानें दोन ओळींत अंतर अधिक लागतें. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडें अधिक अंतर दिलें कीं वाचकाच्या डोळ्यांस सुख होतें. आणि आपलें पान बहुतेक लोक फोनवर वाचणार हें ध्यानांत ठेवून, फोनच्या रुंदीशीं जुळवून घेण्याची सूचना ‘हेड’ भागांत अवश्य लिहावी.

पान तयार झालें. आतां त्यास जागा आणि पत्ता पाहिजे. जागा म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर आपल्या फाईली ठेवणें. साध्या पानांसाठीं ती विनामूल्यहि मिळते. पत्ता म्हणजे डोमेन. तो विकत मिळत नाहीं. वर्षाच्या बोलीनें भाड्यानें मिळतो, आणि भाडें चुकलें तर दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतो. २०१४ सालापासून देवनागरी लिपींत ‘डॉट भारत’ असा पत्ताहि घेतां येतो.

येथपर्यंत सांगितलें ती कारागिरी झाली. तेवढ्यानें संकेतस्थळ बांधतां येतें. परंतु त्यावर काय लिहावें आणि काय लिहूं नये, हा भाग कोणतीहि खूण शिकवीत नाहीं. मीं एका पानावर आमच्या बोळांत त्या पहाटे गेलेल्यांचीं नांवें दिलीं होतीं. पान सर्वांस खुलें करण्यापूर्वीं त्या त्या घरीं जाऊन वाचून दाखवावें असें ठरविलें. एका घरीं वृद्ध आजीबाई होत्या. मीं फोनवरून यादी वाचली. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “गुरुजी, समद्यांची नावं लिवली. माझं लेकरू कुठं हाय?”

त्यांचें मूल तेव्हां आठ दिवसांचें होतें. बारसें व्हावयाचें होतें. त्यास नांवच नव्हतें, म्हणून तें माझ्या यादींत आलें नव्हतें. मीं विचारलें, “काय लिहू, आजी?” त्यांनीं बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “माझं बाळ, असं लिवा. माझ्या नावाम्होरं.” मीं घरीं आलों, ती फाईल उघडली, आणि एका ‘एलआय’ खुणेंत तेवढी ओळ लिहिली. त्यास दोन मिनिटेंहि लागलीं नाहींत. छापील स्मरणिकेंत ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबली असती, आणि पुढची आवृत्ति बहुधा निघालीच नसती. या विद्येचा मोठा गुण कोणता असें मला कोणीं विचारलें, तर मी हाच सांगेन.

दुसऱ्या एका घरीं मुलानें हात जोडून सांगितलें, “गुरुजी, आमच्या घरचं नाव नको.” कारण मीं विचारलें नाहीं; तें नांव काढलें. जें पान सास्तुरांत उघडतें तेंच शिकागोंतहि उघडतें. म्हणून मृतांचीं नांवें आप्तांच्या संमतीनेंच द्यावीं. आणि जिवंत माणसांचे फोन क्रमांक, जन्मतारखा, घराचे पत्ते कधींहि देऊं नयेत. मीं प्रत्येक पानाच्या तळाशीं तें शेवटचें केव्हां दुरुस्त केलें ती तारीख लिहितों, आणि ऐकीव गोष्टीपुढें ‘असें सांगतात’ हे शब्द ठेवतों.

शेवटची सूचना. सर्व्हरवर ठेवलें म्हणजे कायमचें झालें असें समजूं नये. भाडें थकतें, कंपन्या बंद होतात, परवलीचा शब्द विसरतो. माझ्या फाईलींची एक प्रत नातीपाशीं पुण्यास आहे, एक मजजवळ आहे, आणि साऱ्या पानांची कागदावरची प्रत कपाटांत आहे. सारें एकाच छपराखालीं ठेवूं नये, हें आम्हां सास्तूरकरांस निराळें शिकवावें लागत नाहीं.

शहरांतील श्रोत्यांस माझी एवढीच विनंति आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं गांवाकडचा कोणी वडीलधारा असेल, किंवा ज्या चाळींत, ज्या वाड्यांत आपण वाढलों त्या जागीं आतां दुसरी इमारत उभी असेल. येत्या रविवारीं त्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, एक बोळ, एक जिना, एक आळी लिहून घ्या, आणि तिचें एक पान करा. प्रथम एक मथळा आणि तीन परिच्छेद पुरे आहेत. उरलेल्या खुणा हळूहळू येतात. सांगणारीं माणसें मात्र थांबत नाहींत.